टेकडी विकलेल्या गावात

ट्यूलिपची बाग मी पाहिली नाही, हे आधीच सांगून टाकते. पवनचक्क्याही आगगाडीच्या काचेतून दिसल्या तेवढ्याच. परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, आणि मी नाही म्हटलं की असा चेहरा करतो, जणू तिकीट त्यानंच काढलं होतं. मी हॉलंडला गेले ती एका टेकडीसाठी. टेकडी तरी केवढी, तर आपल्याकडची पोरं एका दमात चढून उतरतील एवढी. पण तिच्या जोरावर मला गावातलं एक भांडण जिंकायचं होतं, आणि ते जिंकलंच आहे असं धरून मी विमानात बसले होते.

भांडण असं. पाथर्डी तालुक्यात, तिसगावचा बाजार करणारं आमचं गाव. गावाच्या मधोमध गढी आहे. गढी म्हटल्यावर बुरूज आणि दिंडी दरवाजा डोळ्यांपुढे आणू नका. पांढुरक्या मातीचा मोठा उंचवटा, वर दोन लिंबाची झाडं, एका अंगाला मरीआईचं ठाणं. आमच्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. या पांढरीवर किती पिढ्या घरं पडली आणि पडलेल्या घरांवर घरं उठली, देव जाणे. राख, शेण, भिंती, सगळं तिथंच जिरलं. त्यामुळे गढीची माती म्हणजे फुकटचं खत. ज्याला वाटेल तो ट्रॉली लावत आला आणि बघता बघता अर्धी गढी शेतांत गेली. आता ग्रामपंचायतीनं ठरवायला घेतलं होतं की उरलेल्या अर्ध्या गढीला जेसीबी लावायचा, माती मागेल त्याला द्यायची आणि सपाट जागेवर दुकानांचे गाळे काढायचे. मी परतल्यावर लगेचच ग्रामसभा होती. तिथं हात वर झाले की गढी संपली.

मी याच्या विरोधात. कॉलेजात असल्यापासून पत्रकं काढते आहे. रस्त्यासाठी, टँकरसाठी, मुलींच्या एसटी पाससाठी. पत्रकाचा आमचा एक शिरस्ता आहे. आधी मथळा, मग मजकूर, आणि वेळ उरला तर पुरावा. माझी मामेबहीण प्राजक्ता हॉलंडच्या उत्तर टोकाला, ग्रोनिंगनला नोकरी करते. तिनं एक फोटो पाठवला. हिरवी टेकडी, वर विटांचं जुनं चर्च, भोवती गाव. खाली लिहिलं होतं, ‘तुझ्या गढीची बहीण.’ एवढ्या एका फोटोवर मी पत्रक लिहून मोकळी झाले. मथळा दिला: ‘त्यांनी टेकडी जपली, आपण मोडायला काढली’. पाथर्डीच्या छापखान्यात गठ्ठे बांधून ठेवले आणि मग टेकडी बघायला निघाले. क्रम ध्यानात असू द्या.

निघताना नानीनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, गढीची चिमूटभर माती रुमालाच्या टोकाला बांधून दिली. लांब जाणाऱ्याला आमच्यात देतात.

“परक्या पान्यानं पोट बिघडलं तर कपाळाला लाव,” ती म्हणाली.

“पोट बिघडल्यावर कपाळाला कशाला?”

“तुजं कपाळच बिघडलंय. पोटाचं मागून बगू.”

मी रुमाल खिशात टाकला आणि विसरून गेले.

बांध नसलेली शेतं

ग्रोनिंगनहून लहानशी आगगाडी उत्तरेला जाते. तिच्यात सायकली घेऊन चढता येतं. प्राजक्तानं शेजारणीची एक सायकल माझ्यासाठी मागून आणली होती. एका ओसाड स्टेशनवर उतरून आम्ही पेडल मारायला लागलो.

जमीन पोळपाटासारखी. आमच्याकडे कुठल्याही रानात उभं राहा, गर्भगिरीचा डोंगर पाठीशी असतोच. इथं पाठीशी काही नाही, पुढं काही नाही, मध्ये नुसता वारा. मे महिना असून मी दोन स्वेटर घातले होते. शेतांना बांध नाहीत. दोन वावरांच्या मध्ये पाण्याचा चर. मी प्राजक्ताला म्हटलं, “बांध नाही म्हणजे शेजाऱ्याचा बांध कोरायची सोय नाही. मग यांची भाऊबंदकी चालते कशावर?”

“वकील आहेत ना इथंही,” ती म्हणाली.

तिनंच वाटेत या मुलखाचा इतिहास सांगितला. समुद्राला बंधारे घातले गेले त्याच्या कितीतरी आधीपासून, येशूच्याही आधीपासून, इथं माणसं राहत होती. भरती आली की सगळं रान पाण्याखाली जायचं. म्हणून त्यांनी शेण, चिकणमाती, राख, पडक्या घरांचा राडारोडा एकावर एक रचत उंचवटे केले आणि त्यावर राहिले. त्या उंचवट्याला त्यांच्या बोलीत वीर्डे म्हणतात. आम्ही निघालो होतो त्या गावाचं नावच ओल्डेरवीर्ड. आपलं आयुष्य पाणी आणण्यात जातं, यांचं पाणी घालवण्यात गेलं. पण दोघांनी राहायला ढीग मात्र एकाच मालाचा केला, हे ऐकून मला इतका आनंद झाला की वाऱ्यातसुद्धा मी मनातल्या मनात पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली.

हिरव्या दाराचं घर

गाव म्हणजे टेकडीभोवती फिरलेली एक गोल गल्ली आणि तिला टेकून उभी असलेली विटांची घरं. दुकान नाही, हॉटेल नाही, पारावर बसलेला माणूस नाही. एक शाळा दिसली, ती बंद पडलेली. तिच्या खिडक्यांत आता कुणाच्या तरी कुंड्या होत्या. मधोमध चर्च. लहान, जाड भिंतींचं, मनोऱ्याला कौलारू घरासारखं दोन बाजूंना उतरतं छत. दारावर पाटी: किल्ली हिरव्या दाराच्या घरी मिळेल.

आपल्याकडेही देवळाची किल्ली गुरवाच्या घरी असते. पण किल्ली मागायला गेलं की गाव कोणतं, कुणाची, मामा कुठले, सोयरीक कुठं, एवढं झाल्यावर चहा आणि चहानंतर किल्ली. इथं हिरवं दार उघडलं. एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईनं आमच्याकडे पाहिलं, आतून टीचभर लांबीची लोखंडी किल्ली आणली, हातावर ठेवली आणि दार लावून घेतलं. मला राग आला. नाव तरी विचारावं. मी पुन्हा दार वाजवलं आणि माझ्या इंग्रजीत तसं म्हणालेसुद्धा.

“कशाला?” बाई म्हणाल्या. “चर्च उचलून नेणार आहात?”

या ग्रीतबाई. त्यांच्याशी माझं जमणार हे मला तिथंच कळलं.

चर्चच्या आत थंडावा, चुन्याच्या पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, जमिनीत मोठमोठ्या शिळा आणि त्यांवर मेलेल्या माणसांची नावं. दाराजवळ एका टेबलावर उथळ लाकडी पेटी ठेवलेली होती. आत खापऱ्या. काळ्या, करड्या, काही नखाच्या खुणांची नक्षी असलेल्या. प्रत्येक खापरीखाली कागदाचा कपटा, त्यावर एका गावाचं नाव. प्राजक्तानं वाचून सांगितलं, सगळी गावं दूरची, दक्षिणेकडची. ओल्डेरवीर्ड एकाही कपट्यावर नव्हतं.

“इथल्या चर्चमध्ये तिकडची खापरं कशाला?” मी विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

चर्चला वळसा घालून आम्ही मागच्या अंगाला गेलो आणि माझे पाय थांबले. फोटो पुढून काढलेला होता. मागून टेकडी नव्हतीच. भाकरीचा निम्मा तुकडा मोडून घ्यावा तशी ती कापलेली होती. चर्चच्या कुंपणापासून काही पावलांवर उभा कडा, खाली सपाट गवत, त्यात चार मेंढ्या, आणि गवताच्या पलीकडे सरळ रेघेसारखा कालवा. आमच्या गढीची मागची बाजू अगदी अशीच दिसते. मेंढ्यांच्या जागी शेळ्या धरा.

पाथर्डीत बांधून ठेवलेले गठ्ठे माझ्या डोळ्यांपुढे आले. ‘त्यांनी टेकडी जपली.’

मी सायकलवर बसले. ग्रीतबाईंना जाब विचारायचा होता. जाब विचारायचा म्हटला की मला चालत जाणं जमत नाही. हे लक्षात आलं नाही की त्या सगळ्या सपाट देशात उतार म्हणून जो काही आहे तो या टेकडीवरच आहे. सायकल सुटली. मी दोन्ही हातांनी ब्रेक शोधायला लागले. हँडल सगळं चाचपलं, ब्रेक नाही. मागून प्राजक्ता ओरडत होती, “पेडल उलटं मार, उलटं.” तिथल्या कित्येक सायकलींना हाताचा ब्रेकच नसतो, पेडल उलटं दाबायचं असतं, हे तिनं मला स्टेशनवरच सांगितलं होतं म्हणे. मी आयुष्यात संकटाच्या वेळी पाय मागं घेतलेला नाही. मी पुढंच दाबलं. गोल गल्ली ओलांडली, गवत ओलांडलं आणि चरात गेले. कमरेएवढं गार पाणी आणि खाली काळा चिखल.

ग्रीतबाई खिडकीतून पाहत होत्या. बाहेर आल्या, दंडाला धरून मला वर ओढलं आणि म्हणाल्या, “किल्ली आहे ना खिशात?”

सासर आणि माहेर

त्यांच्या स्वयंपाकघरात मी त्यांच्या मोठ्या झग्यात बसले. माझे कपडे घर गरम ठेवणाऱ्या भिंतीकडच्या तापत्या नळ्यांवर वाळत पडले होते. त्यांनी मोहरीचं सूप पुढं ठेवलं. मोहरी आपण फोडणीला घालतो, हे लोक वाडगाभर पितात; पिवळसर, दाट, नाकात झणकणारं. मला आवडलं. जोडीला ब्रेड आणि ताक. ताकात मीठ नाही, जिरं नाही, नुसतं आंबट, पण भारतातून निघाल्यापासून पहिल्यांदा घशाला घरचं काही लागलं. तिथं ब्रेडवर लोणी लावून चॉकलेटचे बारीक कण भुरभुरतात. मी बॅगेतली शेंगदाण्याची चटणी काढली. ग्रीतबाईंनी ती तशीच लोण्यावर भुरभुरली, एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि पुन्हा भुरभुरली.

मग मी विचारलं. टेकडी कुणी कापली? कुठल्या सरकारनं, कुठल्या कंपनीनं?

“आम्ही,” त्या म्हणाल्या.

प्राजक्ता मध्ये बसून भाषांतर करत होती, पण या बाईंना फारसं भाषांतर लागत नव्हतं. सांगितलं ते असं. त्यांच्या आज्याच्या काळात दक्षिणेकडे रेताड, नापीक रानं लागवडीला येत होती. टेकडीची माती म्हणजे शेकडो वर्षांचं मुरलेलं शेण. गावानं ती विकायला काढली. कालवा खणला तो त्यासाठीच. खणायचं, ढकलगाड्यांत भरायचं, बोटीत ओतायचं. चर्चपर्यंत आले तेव्हा थांबले.

“चर्चसाठी थांबलात,” मी म्हटलं. पत्रकाचा काही भाग तरी वाचतोय का ते मी पाहत होते.

“नाही. पोत्यातलं खत स्वस्त झालं. मातीला गिऱ्हाईक राहिलं नाही. आम्हाला अक्कल आली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.”

 माझ्यासारख्याच तोंडाची बाई समोर बसलेली असली की कसं वाटतं, ते मला आज कळत होतं.

“आणि त्या पेटीतल्या खापऱ्या?”

“त्या परत आलेल्या. माझं माहेर तिकडचं, रेताडीतलं. लहानपणी बटाटे काढताना आम्हाला खापरं सापडायची. आई म्हणायची, फेकू नका, ही वरच्या गावांची आहेत. मग माझं लग्न इथं झालं. पहिल्यांदा मागच्या कड्यापाशी उभी राहिले तेव्हा समजलं. माझं सासरचं गाव माझ्या माहेरच्या बटाट्यांत गेलंय. मी ही पेटी ठेवली. तिकडचे शेतकरी खापरं आणून टाकतात आणि कुठल्या गावच्या वावरातलं ते लिहून ठेवतात. बाकी काही करता येत नाही.”

“माती आणून पुन्हा भरायची,” प्राजक्ता म्हणाली.

“शेजारच्या एका गावानं भरली. ट्रकांनी आणून भरली. उंची आली. गाव आलं नाही.”

बोलता बोलता त्यांनी माझे वाळलेले कपडे उचलले आणि खिशातून तो रुमाल खाली पडला. गाठ भिजून घट्ट बसलेली. काय आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्या गढीची माती. मला वाटलं, बाई भारावतील. बाईंचा चेहरा एकदम शेतकऱ्याचा झाला.

“बाहेरची माती इकडे आणायला बंदी आहे. मातीतून रोग येतात. माझ्या पोराचे बटाटे आहेत पलीकडे.”

उठल्या, काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी आणली, रुमाल माझ्याच हातानं आत टाकायला लावला आणि झाकण गच्च बसवलं. मग हात धुतले, मलाही धुवायला लावले. माझं डोकं फिरलं.

“प्राजक्ता, यांना सांग. चिमूटभर मातीला बंदी, आणि बोटी भरभरून गाव विकलंत त्याला बंदी नव्हती का?”

“मी नाही सांगणार हे. जेवलीयेस तू त्यांच्याकडे.”

मग मीच सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. ग्रीतबाई शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, “बरोबर आहे. असती तर बरं झालं असतं.”

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. निघताना मी बरणी पुढं केली. म्हटलं, झाकण लावलेलंच आहे, ठेवा त्या पेटीशेजारी, आमची आठवण म्हणून. त्यांनी बरणी माझ्या पोटाशी परत ढकलली.

“घेऊन जा. इथून गेलेली माती परत येत नाही, हे आम्ही बघून बसलोय. तुमची तरी परत जाऊ दे.”

गोणपाट

घरी आले त्याच संध्याकाळी आबांना, म्हणजे वडिलांना, विचारलं, “आपल्या विहिरीकडच्या पट्टीत खापऱ्या निघतात, त्या कुठल्या?”

“गडीच्या. दुसऱ्या कुठल्या असत्यात?” आबा म्हणाले. “तू लहान हुतीस. आमी बी वाहिली की माती. समद्यांनी वाहिली.”

पत्रकाचे गठ्ठे मी छापखान्यातून उचलून आणले आणि वाटले नाहीत. मागची बाजू कोरी आहे. नानी त्यावर कुरडया वाळवते.

त्याऐवजी मी मारुतीच्या पारावर एक गोणपाट अंथरलं आणि नानीला कामाला लावलं. ती खुरपणीच्या बायकांची पुढारी. तिनं एकच निरोप फिरवला: वावरात खापरी, बांगडी, काय बी घावंल ते पारावर आना, आन कुनाच्या वावरातलं ते सांगा. पहिल्या दिवशी चार तुकडे आले. दुसऱ्या दिवशी बायका पदरातून ओतायला लागल्या. तांबड्या-काळ्या खापऱ्या, हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे, जात्याची अर्धी तळी, मुंडकं मोडलेला मातीचा एक बैल. मग चुरस लागली.

“आमची नक्षीची हाय.”

“नक्षीची हाय, पर केवडीशी. आमच्या रांजनाचा काठ बग.”

“तुज्या सासऱ्यानं रांजनच उचलून नेला आसंल.”

गावातले पुरुष पारावर बसायला येत आणि गोणपाट बघून जरा बाजूला सरकून बसत. कारण कुठली खापरी कुणाच्या वावरातली, हे बायका मोठ्यानं सांगत होत्या, आणि एकही घर सुटलं नव्हतं.

ग्रामसभा तिथंच भरली. सरपंच अण्णा मुरलेला माणूस. मी उभी राहायच्या आत ते म्हणाले, “तायडी परदेशातून आली हाय, तिचं ऐकू. पर आदी एक. हिच्याच बापानं गडीची माती टराल्या भरून नेली, का न्हाई?”

माणसं हसली. आबा जागेवरूनच म्हणाले, “नेली की. कांदा लई झाक आलता. तुमी बी नेली आण्णा, आपली टराली मागंपुडंच हुती.”

आता जास्त हसली. मी बोलायला उभी राहिले. तयार केलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि हिरव्या दाराच्या घरातलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. चरात पडले तेसुद्धा. मग म्हटलं, “ते लोक आपल्यापेक्षा शहाणे नाहीत. त्यांनी आपल्यासारखंच केलं. फक्त थांबले तेव्हा त्यांचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं, गिऱ्हाईक संपलं म्हणून थांबले. आपल्याकडे गिऱ्हाईक अजून आहे. आपण ठरवून थांबू शकतो. त्यांना ते जमलं नाही, आपल्याला जमेल.”

“आन लागलीच तर मागून भरू की माती,” मागून कुणीतरी म्हणालं. “त्या दुसऱ्या गावानं भरली म्हंतीस.”

“भरली. उंची आली, गाव नाही आलं. हा बैल कुठून भरशील?” मी गोणपाटावरचा मोडका बैल उचलून दाखवला.

अण्णांनी घसा साफ केला. “मग गाळे कुटं काडायचे ते सांग. पोरांना धंदा नको?”

“हवाच. एसटी थांब्यामागं गावठाणाची पडीक जागा आहे, तिथं काढा.”

“तितं गिऱ्हाईक यील का?”

“एसटी थांबते तिथं येत नाही, आणि मरीआईच्या पाठीमागं येतं होय?”

अण्णांनी मागं वळून पाहिलं. त्यांचा स्वतःचा मुलगा गाळा घेणार होता आणि तो थांब्याकडेच मान वळवून बघायला लागला होता. हात वर करायला सांगितले तेव्हा आधी बायकांचे आले. खुरप्याचे घट्टे पडलेले, अजून मातीनं माखलेले. मग आबांचा. मग अण्णांनी आजूबाजूला पाहिलं, मोजायचं कारण उरलं नव्हतं, आणि ग्रामसेवकांना म्हणाले, “लिवा. गडीची एक पाटी बी हलवायची न्हाई. गाळे थांब्यामागं.” आणि माझ्याकडे वळून, “चरात पडलीस ते बरं झालं. तुजं तोंड लई गरम असतं.”

गोणपाटावरचं सगळं उचलून आम्ही मरीआईच्या ठाण्यामागं कोनाड्यात नेऊन ठेवलं. बायका बरोबर आल्या. नानीनं माझ्या पिशवीतून ती काकडीची बरणी काढली. झाकण इतकं गच्च होतं की तिला पदर गुंडाळून फिरवावं लागलं. रुमाल सोडला, माती तळहातावर घेतली, वास घेऊन पाहिला आणि जिथून घेतली होती त्या कापलेल्या कडेवर हलकेच सोडली.

“आलीस का गं फिरून,” ती मातीला म्हणाली. “बस आता गप एका जागी.”